धक्क्यावरच्या आजीची मशेरी

खलाशाच्या तोंडातला पाइप मी पुसला, पण धूर पुसायला विसरले.

एकेकाळी जगभर गाजलेल्या एका परदेशी व्हिडिओ गेममधला तो खलाशी. पाइप चित्राच्या एका थरावर होता, धूर दुसऱ्या थरावर, आणि मला काढायला सांगितला होता फक्त पाइप. तपासणीला गेलेल्या गेममध्ये खलाशी तोंड मिटून, हात खिशात घालून उभा, आणि ओठांच्या कोपऱ्यातून निळसर धूर निवांत वर चाललेला. आमच्या मरोळच्या ऑफिसात त्यानंतर कोणी आतल्या आत धुमसत बसलं की माझी मैत्रीण दर्शना म्हणायची, "बघ, खलाशी झाला त्याचा."

विट्याला माहेरी गेले की गल्लीतल्या बायका विचारतात, मुंबईत नक्की काय करतीस गं? मी सांगते, चित्रं पुसते. एकदा एका मावशींनी विचारलं, शाळेत फळा पुसत्यात तसं? मी म्हटलं, तसंच. त्यांचं समाधान झालं आणि खरं सांगायचं तर त्यांनी केलेली व्याख्या फारशी चुकीचीही नव्हती.

ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर सांगते. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे गेम आता पुन्हा बाजारात येतात. ते लहानपणी खेळलेली माणसं आता आईबाप झाली आहेत, आणि आपल्या मुलांनीही ते खेळावेत असं त्यांना वाटतं. पण फोनवर किंवा टॅबलेटवर गेम आणायचा तर त्याला वयाचा शिक्का लागतो. तीन वर्षांपासून पुढे सगळ्यांना चालेल, सात वर्षांपासून पुढे, बारा, सोळा, अठरा. गेम बनवणाऱ्याने एक प्रश्नावली भरायची. रक्त दिसतं का, दारू दिसते का, तंबाखू दिसते का, अंगावर कपडे किती आहेत. उत्तरांवरून शिक्का ठरतो. जुने चित्रकार बिनधास्त होते. त्यांच्या काळात हे कोणी विचारत नव्हतं. म्हणून मूळ चित्र जसंच्या तसं ठेवलं तर शिक्का बारा-सोळाचा बसतो, आणि कंपनीला तर तीनचा हवा असतो. मधलं अंतर आम्ही पुसून काढतो.

पुसणं म्हणजे खोडरबर फिरवणं नव्हे. सिगरेट काढली की बोटं पुन्हा काढावी लागतात, कारण सिगरेट धरलेली बोटं रिकामी ठेवली तर ती वेडीवाकडी दिसतात. माणूस हलताना त्याची वीस-तीस चित्रं एकामागोमाग येतात, त्या प्रत्येकात बोटं नव्याने. आणि हे सगळं त्या जुन्या चित्रकाराच्या हाताने केल्यासारखं दिसायला हवं. आमचं काम चांगलं झालं तर ते झालंय हेच कोणाला कळत नाही. वाईट झालं तर तोंडातून धूर येतो.

यातून विनोदही होतात. एका गेममधल्या गुत्त्यात सगळ्यांच्या हातातल्या बिअरचं आम्ही दूध केलं. पांढरं, फेसाळ, अगदी डेअरीतून आल्यासारखं. पण दूध प्यायल्यावर ती माणसं झिंगत चालायची आणि टेबलाखाली पडायची, ते तसंच राहिलं. आमचा कुणाल म्हणाला, "ताई, हे दूध कुठल्या गोठ्यातलं, मलाही सांगा." कुणाल आमचा प्रोजेक्ट सांभाळतो. बोरिवलीचा मुलगा, वयाने माझ्यापेक्षा बराच लहान, पदाने मोठा. मला ताई म्हणतो आणि कामाच्या तारखा मात्र अजिबात पुढे ढकलू देत नाही.

हे सगळं सांगितलं ते एका आजीबद्दल सांगता यावं म्हणून.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक देशी गेम आला. 'खजिन्याचं बंदर' त्याचं नाव. मुलुंडमधल्या चार-पाच जणांनी मिळून तो फार पूर्वी केला होता. सीडीवर यायचा, आणि नव्या कॉम्प्युटरबरोबर दुकानदार तो फुकट देत, म्हणून गावोगावच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोचला होता. आमच्या विट्याच्या क्लासमध्येही होता. बारावीनंतर मी तिथे टायपिंग शिकायला जायची. तास संपला की सर शेवटची दहा मिनिटं तो गेम खेळू द्यायचे. कोकणातलं एक बंदर, तिथे दुकानदार, नावाडी, भिक्षुक, कोळणी. एकेकाला विचारत खजिना शोधायचा. माझं लक्ष खजिन्यापेक्षा चित्रांकडे जास्त. बंदराच्या पाण्यावर संध्याकाळचा उजेड असा पडलेला असे की मी माझी पाळी सोडून नुसती बघत बसायची. हे कोणीतरी हाताने काढलंय आणि त्याचे त्याला पैसे मिळालेत, हे मला तिथे प्रथम कळलं. आमच्या घरात तोवर कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मी चित्रकलेच्या पदवीचा हट्ट धरला तो त्या बंदरामुळे. वडिलांनी तो पुरवला. प्रवेशाच्या अर्जावर पालकाची सही म्हणून त्यांनी अंगठा उठवला होता.

आता तेच बंदर माझ्या टेबलावर पुसण्यासाठी आलं होतं.

गेमचे हक्क एका परदेशी कंपनीने घेतले होते. शाळांसाठी टॅबलेट बनवणाऱ्या एका उद्योगाशी त्यांचं बोलणं चाललं होतं. टॅबलेट महाराष्ट्रातल्या शाळांत जाणार आणि हा गेम त्यात आधीच भरलेला असणार. अट एकच, शिक्का तीन वर्षांचा हवा. त्यांच्या तपासनिसांनी चित्रं बघून काय काय बदलायचं ते कळवलं. ते वाचताना आमच्या टेबलाभोवती गर्दी जमली.

बंदराजवळच्या वडाखाली शेंदूर लावलेला दगड होता. त्यांनी लिहिलं होतं, 'झाडाखाली रक्ताने माखलेलं मुंडकं आहे, काढावं.' चूक पूर्ण त्यांची नव्हती. जुन्या स्कॅनमध्ये शेंदूर लालभडक झाला होता. मी तो पुन्हा केशरी केला आणि देव बचावला. कोळणीच्या नेसण्याला 'पाय उघडे' असा शेरा होता. दर्शना वेसाव्याच्या कोळी घरातली, आमच्याकडे चित्रांना हालचाल देते. तिने तो शेरा वाचला आणि शांतपणे म्हणाली, "माझ्या आजीला आता पँट शिवून आणू का?" मग तिने स्वतः बसून त्यांना इंग्रजीत समजावलं की ही बाई कामाला निघालीये, पाण्यात उतरायचंय तिला. त्यांनी ते मान्य केलं. चांगली माणसं होती. त्यांना माहीत नव्हतं, इतकंच.

धक्क्यावरच्या आजीबद्दल मात्र एकच शब्द होता, 'सुंदर'.

ती आजी त्या गेममधली सगळ्यात लाडकी. दगडी धक्क्याच्या कडेला पाय सोडून बसलेली. डावा तळहात खोलगट केलेला, उजव्या हाताचं बोट तोंडात. तिच्यावर क्लिक केलं की ती बोलत नसे. हात वर करून 'थांब' म्हणून खुणावायची. घाई केली की पुन्हा हात. वाट बघितली तरच ती सावकाश वळायची, पाण्यात पिचकन थुंकायची आणि खजिन्याची खूण सांगायची. आमच्या क्लासमधली मुलं तिच्याशी भांडायची. "म्हातारे, उरक की," असं कॉम्प्युटरला सांगणारा एक मुलगा मला अजून आठवतो.

तपासनिसांना वाटलं, आजी विचारात पडलीये आणि हातात पाखरांसाठी दाणे आहेत. ते दाणे नव्हते. ती मशेरी होती. आमच्याकडे मिश्री म्हणतात. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची आणि बोटाने दातांना लावत बसायची. भाजताना सगळं घर ठसकत असतं. माझ्या आईने ती लहानपणापासून लावली. नंतर तिच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, तो वाढला, आणि ऑपरेशन करून गालाचा तेवढा भाग काढावा लागला. तेव्हापासून ती भांडुपला माझ्याजवळ असते. तोंड पुरतं उघडत नाही, भाकरी दुधात कुस्करून खाते.

प्रश्नावली भरणं माझ्याकडे होतं. 'तंबाखूचा वापर दिसतो का?' या प्रश्नाशी मी थांबले.

कुणालला सांगितलं तर तो आधी हसला. मग मी गंभीर आहे हे पाहून त्याने खुर्ची ओढली.

"ताई, त्यांना कळलेलं नाही. तुम्ही सांगितलं नसतं तर मलाही कळलं नसतं."

"तुला नाही. पण टॅबलेट कुठे जाणार आहेत? विट्याच्या पोराला कळेल. त्याची आजी सकाळी तेच करत असते."

"मग तर त्याला नवीन काहीच नाही ना."

हा मुद्दा बिनतोड होता. आजही आहे. जे घरात रोज दिसतं ते चित्रात झाकून काय मिळवायचं? मी एवढंच म्हटलं की घरात दिसतं ते घरचं, आणि शाळेच्या टॅबलेटवर दिसतं ते शाळेने दाखवलेलं. शाळेत दाखवलेल्या गोष्टीवर आम्ही किती विश्वास ठेवायचो ते मला माहीत आहे. आणि त्या उत्तराखाली नाव माझं जाणार होतं. वडिलांच्या अंगठ्याच्या जोरावर मी सही करायला शिकले, ती सही खोट्या उत्तराखाली जाऊ नये असं मला वाटलं. कुणाल म्हणाला, "ओके. कळवतो. पण वाट लागणार, सांगून ठेवतो."

वाट लागलीच. उत्तर दोन दिवसांत आलं. आजी काढून टाका. तिच्या जागी पोपट किंवा मांजर ठेवा, खूण तो प्राणी सांगेल. फारच हवी असेल तर तिच्या हातात टूथब्रश द्या.

आता गोष्ट माझ्या एकटीची राहिली नव्हती, कारण मध्ये गुरव सर होते.

मूळ सीडीवर चित्रकाराचं नाव नव्हतं. कंपनीचं नाव, कॉम्प्युटरवाल्यांची नावं, चित्रांबद्दल एक अक्षर नाही. काम हाती आलं तेव्हा मी जुन्या भागीदारांपैकी एकाला गाठून विचारलं, तर ते म्हणाले, चित्रं गुरवांनी केली, मुलुंड पूर्वेला राहतात. मी भेटायला गेले. पंचाहत्तरी ओलांडलेले, एकटे, बांध्याने किरकोळ. आयुष्यभर पाठ्यपुस्तकं, कॅलेंडरं, औषधांच्या खोक्यांवरची चित्रं केलेली. मालवणकडचे. बंदराची चित्रं त्यांनी कागदावर पोस्टर कलरने केली होती आणि मग ती स्कॅन झाली. कागद कंपनी बंद पडली तेव्हा रद्दीत गेले. त्यांची मी आयुष्यभराची विद्यार्थिनी आहे असं सांगितलं तर त्यांना ती थट्टा वाटली. मग मी बंदराच्या पाण्यावरच्या उजेडाबद्दल बोलले, तेव्हा उठून त्यांनी चहा टाकला.

नव्या गेममध्ये तुमचं नाव घालायचं का, असं मी विचारलं. परदेशी कंपनीने त्याला आधीच होकार दिला होता. सरांनी ते ऐकून फक्त मान हलवली. पण पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांनी नाव कसं लिहायचं ते एका कोऱ्या कागदावर काढून ठेवलं होतं. आधी वळणदार, मग साधं, मग त्याहून साधं. इतक्या वर्षांत छापून आलेल्या एकाही चित्राखाली त्यांचं नाव गेलं नव्हतं.

मशेरीचं सांगायला मी गेले तेव्हा तो कागद टेबलावरच होता. सगळं बोलून झालं. सर खिडकीकडे बघत होते.

"ती माझी आई," ते म्हणाले.

मला हे माहीत नव्हतं.

"धक्का आमच्याच गावचा. बाकीची माणसं मी मनाने काढली. तिला मात्र जशी होती तशी काढली. ती गेली त्यानंतरच्याच वर्षातलं काम ते. फोटो नव्हता तिचा."

मी म्हटलं की पोपट मी ठेवणार नाही. टूथब्रशही नाही. फक्त बोट तोंडातून काढते, हात मांडीवर ठेवते, तळहात रिकामा. बाकी कशालाही हात लावत नाही.

"म्हणजे नुसती बसलेली?"

"हो."

"आई माझी नुसती कधी बसली नाही हो." आवाज चढला नव्हता. "पहाटेपासून राबायची. नुसती बसलेली बाई काढलीत तर ती माझी आई नव्हे. पुसायचीच तर पुरती पुसा. आणि मग माझं नावही नको."

जिना उतरताना मला वाटलं, आपण गप्प राहिलो असतो तर काय बिघडलं असतं. एका माणसाला त्याच्या उतारवयात त्याचं नाव मिळालं असतं. बाहेरच्या लोकांनी 'सुंदर' म्हटलं होतं. मी एकटीच होते जिला तिच्या तळहातात तंबाखू दिसली.

घरी आले तर आई ताटात तांदूळ निवडत होती. मी फोनवर तिला ते चित्र दाखवलं. का दाखवलं ते सांगता येत नाही. कदाचित तिने म्हणावं असं वाटत असेल की, बरं केलंस, पूस ती. तिने फोन लांब धरला, डोळे बारीक केले.

"मिश्री लावतीया."

"हो. लहान मुलांच्या खेळात आहे. काढायची आहे ती."

"काढ की. वंगाळच ती." आईने गालाला हात लावला नाही, मीच तिच्या गालाकडे पाहिलं. ती अजून चित्रच बघत होती. "पण ही काय दात घासाय बसली न्हाई. ही बसाय बसलीया."

मी विचारलं, म्हणजे काय?

तिला हसता येतं तेवढं ती हसली. "तुला कुठनं कळणार, तू शिकायला गेलीस. अगं, नुसती बसली तर सासू म्हणायची, बसलीस का? मिश्री तोंडात असली की ओ द्यावी लागत न्हाई. बोलताच येत न्हाई तर हाक मारून काय करणार? तेवढंच दिवसातनं बसणं. मिश्री सुटली तवा मला तलफंचं काय वाटलं न्हाई. बसायचं कसं, ह्येचा घोर लागला."

आमचं घर मी पंचवीस वर्षं आठवत आले आहे आणि त्यात सकाळी उंबऱ्याशी मिश्री लावत बसलेली आई नेहमी असते. त्या वेळी तिला काही विचारायचं नाही हे आम्हा भावंडांना पाठ होतं. धक्क्यावरची आजी हात वर करून थांबायला सांगायची तेव्हा क्लासमधली मुलं चिडायची, मी चिडत नसे. त्याचं कारण मला इतक्या वर्षांनी माझ्या स्वयंपाकघरात कळलं.

दुसऱ्या दिवशी मी आजी नव्याने रंगवायला घेतली. बोट तोंडातून काढलं, तर गालाचा फुगा मोकळा झाला. तो बसवायला ओठांची रेघ बदलावी लागली, आणि ओठ बदलले की डोळे वेगळे दिसायला लागले. सरांच्या कुंचल्याची एक सवय होती. सावलीत ते काळा रंग वापरत नसत, निळ्यात थोडा तांबडा मिसळत. ती सावली तळहातात जमवायला मला फार वेळ लागला, कारण त्या तळहातात पूर्वी काहीतरी होतं आणि आता नाही, असं वाटता कामा नये. तो मुळात मोकळा हात वाटायला हवा. दर्शनाने थुंकणं काढलं आणि तिथे श्वास घातला. आजी एकदा खोल श्वास घेते, खांदे जरासे खाली येतात, मग ती वळते. थांबण्याची खूण तशीच ठेवली.

कुणालने बघितलं. "पण ताई, आता ती थांबवते कशाला? आधी तोंडात काहीतरी होतं, आता तर मोकळी आहे. लगेच बोलू दे ना तिला."

दर्शनाने माझ्या आधी उत्तर दिलं. "तुझी आई बसलेली असताना तू हाक मारलीस की ती लगेच उठते का?"

"हो," कुणाल म्हणाला. मग जरा थांबून, "नेहमीच."

"मग हिला नको उठवू."

कामाची तारीख त्या दिवशी त्याने एका दिवसाने पुढे ढकलली, हे मी इथे लिहून ठेवते, कारण तसं त्याने आधीही केलं नव्हतं आणि नंतरही नाही.

मी टॅबलेट घेऊन मुलुंडला गेले. सरांनी चष्मा पुसला, टॅबलेट मांडीवर घेतला. मी त्यांना आईने सांगितलेलं सगळं सांगायचं ठरवलं होतं, पण ते राहून गेलं, आणि बरंच झालं. सरांनी आजीला बोट लावलं. तिने हात वर केला. पुन्हा लावलं, पुन्हा हात. मग त्यांनी बोट मागे घेतलं आणि वाट बघत राहिले. आजी पाण्याकडे बघत बसली होती. उजेड तोच, मी माझ्या विट्याच्या क्लासमध्ये पाहिलेला. तिने श्वास घेतला, खांदे सैल झाले, ती वळली. सरांनी खजिन्याची खूण ऐकलीच नाही. पुन्हा सुरुवातीला जाऊन त्यांनी तिला बसलेली पाहिली. असं किती वेळा केलं ते मी मोजलं नाही.

एरवी ते माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलत. त्या दिवशी मालवणीत बोलले, तेही बहुधा माझ्याशी नव्हतं.

"खोटां आसा ह्यां," ते म्हणाले. पुन्हा एकदा सुरुवातीला गेले. "पण बसांदे तिका."

निघताना त्यांनी तो कागद माझ्या हातात दिला. सगळ्यात साध्या वळणाच्या नावाखाली रेघ मारलेली होती.

या कामात मी आजवर कितीतरी सिगरेटी विझवल्या, तलवारींच्या धारा बोथट केल्या, जखमा बुजवल्या. त्यातल्या पुष्कळ ठिकाणी मला आजही खात्री नाही की आम्ही बरोबर केलं. मूळ चित्र बनवणाऱ्याला ते तसंच हवं होतं, आणि आम्ही कोण? मशेरीच्या बाबतीतही सर म्हणाले तेच खरं. त्या बाईला कधी मोकळ्या हाताने बसू दिलं गेलं नाही, आणि पुढची मुलं चित्र बघून समजतील की दिलं जायचं. हे खोटं माझ्या हातचं आहे. जुनी फाइल आमच्याकडे जपून ठेवली आहे, पण ती कोण उघडणार? एवढं मात्र म्हणते, ज्या शिक्षणाने मला त्या बंदरापर्यंत आणलं, त्याचं थोडंफार देणं मी तिथेच धक्क्यावर ठेवून आले.

मोकळ्या हाताची आजी कंपनीने मान्य केली आणि गेमला तीन वर्षांचा शिक्का मिळाला. पण त्याआधी शेवटची चाचणी झाली. चाचणी करणारी मुलं बंगळूरची, त्यांनी जुना गेम पाहिलेला नव्हता. त्यांनी नोंदवलेल्या दोषांत एक असा होता: 'धक्क्यावरची म्हातारी लगेच उत्तर देत नाही. हात दाखवून थांबवते. थांबण्याचं कारण दिसत नाही. दुरुस्त करावं.'

अशा नोंदीखाली उत्तर लिहून ती बंद करायची असते. कुणालने ती माझ्याकडे पाठवली आणि समोरून मान वर करून बघत राहिला. मी लिहिलं:

'दोष नाही. आजी बसल्या आहेत.'